केकवर झेंडा
आज ऑफिसात एका सहकारिणीचा वाढदिवस. केक तिनेच घरून करून आणला; ज्याचा वाढदिवस त्यानेच खाऊ घालायचं, हे कोपनहेगनातही आपल्यासारखंच. पण केकवर चक्क डेन्मार्कचे इवलेसे कागदी झेंडे खोचलेले! १२१९ च्या लढाईत हा झेंडा म्हणे आकाशातून पडला, अशी इथली दंतकथा. आता तो सुपरमार्केटात मेणबत्त्यांशेजारी मिळतो. विमानतळावर नातवंडांना घ्यायला आलेले आजी-आजोबाही तोच फडकावतात. आपण तिरंगा केकवर खोचला तर? नकोच तो विचार! देशभक्तीचं भाषण मात्र कुणी ठोकलं नाही. गाणं म्हटलं, केक फस्त केला, चारला सायकली काढून सगळे घरी. पुढच्या महिन्यात माझा नंबर. श्रीखंडात झेंडा उभा राहतो का हो?