तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांना झेपेल असं का नाही घेतलं?

डिसेंबरातलं शाळेचं गॅदरिंग जवळ आलं की कोणीतरी मला, बँडच्या मास्तराला, विचारतंच. आचऱ्याच्या बाजारात बांगडे निवडताना, कणकवलीच्या एसटीत दांड्याला लोंबकळताना, पालकसभेत तर हमखास. "सर, पोरांका झेपात असा कायतरी घ्या मा." स्टाफरूममध्ये हेच जरा प्रमाण मराठीत येतं: "शाळेचा बँड आहे हो, मिलिटरीचा नाही." मी अकरा वर्षं हसून "बघूया" म्हणत आलो. यंदा हसायचा कंटाळा आला, म्हणून लिहितो.

आधी तुमच्याच बाजूने बोलतो. ते कठीण आहे. गुस्टाव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने बँडसाठी 1909 साली लिहिलेला ई-फ्लॅटमधला पहिला सूट, म्हणजे काही भागांची एक रचना, त्यातला पहिला भाग, शकॉन. शकॉन म्हणजे एकच धून पुन्हा पुन्हा फिरवायची. आठ बारची, म्हणजे आठ छोट्या खंडांची, एक धून, बारला तीन मात्रा, म्हणजे चोवीस मात्रा. ती पंधरा-सोळा वेळा येते. कधी खाली खर्जात, कधी वर कॉर्नेटकडे, म्हणजे छोट्या तुतारीकडे, मध्ये तर चक्क उलटी करून, म्हणजे मूळ धून जिथे चढते तिथे ही उतरते. आमच्या बँडमध्ये सव्वीस पोरं, त्यातली निम्मी सहावी-सातवीतली. ज्यांना पंधरा ऑगस्टला मैदानाला एक फेरी मारेपर्यंत दम लागतो, त्यांना मी हे दिलं. वेडेपणा म्हणा.

पण का दिलं ते कोणी नीट ऐकून घेत नाही.

शाळेचा बँड काय वाजवतो तुम्हाला माहीत आहे. प्रभातफेरीला तेच, सव्वीस जानेवारीला तेच, पाहुणे आले की तेच. चाल कॉर्नेटकडे, सजावट क्लॅरिनेटकडे. आणि ज्या पोराच्या गळ्यात सगळ्यात मोठं वाद्य, त्याच्या वाट्याला पहिला सूर, पाचवा सूर, पहिला सूर, पाचवा सूर. घाण्याचा बैल. चार वर्षं बेस वाजवून पोरगा दहावीला जातो आणि घरी "तू काय वाजवतोस ते दाखव" म्हटलं, तर त्याच्याकडे दाखवायला चाल नसते. शकॉनमध्ये सुरुवातच खालून होते. बाकी बँड गप्प, आणि बेस न् युफोनियम (बेसचाच धाकटा पितळी भाऊ) एकटे धून मांडतात. मग ती सगळ्यांकडे फिरते. मला एवढंच हवं होतं.

कागद मला आमच्याच वाडीतल्या एका निवृत्त बँडवाल्याने दिले. पचमढीला फौजेच्या संगीतशाळेत शिकलेले, फौजेतून पेन्शनवर आलेले, पेटीत झेरॉक्सची पिवळी पडलेली चळत. (होल्स्ट 1934 साली गेला, त्यामुळे आता ते कागद इंटरनेटवरून फुकट उतरवता येतात. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मी ते कागद देवाच्या पोथीसारखे जपून कुडाळला पुन्हा झेरॉक्सला नेले होते.) होल्स्ट काही कोणी फौजी बँडमास्तर नव्हता. 1905 पासून लंडनच्या एका मुलींच्या शाळेत संगीत शिकवणारा मास्तर. हात दुखरा, म्हणून पियानो सोडून ट्रॉम्बोन धरलेला. ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावायच्या म्हणून संस्कृत शिकलेला. पालकसभेत मी ऋग्वेद काढला की माना डोलतात, आणि लगेच प्रश्न येतो: मग सूक्तच का नाही बसवत?

आणि एक सांगा. डबलबारीच्या भजनाला तुम्ही रात्रभर बसता. दहा-बारा वर्षांचं पोर पखवाजामागे बसतं, बुवा मध्येच लय बदलतो, गजर चढवतो, पोर बरोबर समेवर येतं. तिथे कोणी म्हणत नाही, "बुवांनू, पोराक झेपात असा कायतरी घ्या." उलट शेंदऱ्या नोटा निघतात. दशावतारात नवा पोरगा पहिल्याच जत्रेत अर्धा तास न अडखळता संवाद म्हणतो, पाठ केलेलं पुस्तक नसताना. तिथे कठीण म्हणजे परंपरा आणि माझ्याकडे कठीण म्हणजे छळ, हा न्याय मला कळलेला नाही.

हे झालं माझं वकीलपत्र. आता दुसरी बाजू.

पहिल्या वर्षी पाच पोरांनी बँड सोडला. एकाचे ओठ सुजायचे, मी म्हणायचो, सवय होईल. दोघी क्लॅरिनेटवाल्या मधल्या सुरांवरून वरच्या पट्टीत जाताना किंचाळायच्या, आणि मीही किंचाळायचो. तेव्हा मी स्टाफरूममध्ये ऐटीत सांगायचो की पोरांना कमी लेखू नये, ओझं दिलं की खांदे तयार होतात. आज तो माणूस समोर आला तर मी त्याला एकच विचारीन, बाबा रे, तुला पोरांची वाढ हवी होती की तुला तीच ती प्रभातफेरी वाजवून कंटाळा आला होता? तो चिडेल. त्याचं थोडं बरोबरही असेल. दोन्ही खरं होतं.

पण तुम्ही विचारता त्यात ती मुलगी कधी येत नाही, आणि मला तर तीच आठवते.

ती नववीत होती. युफोनियम. वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीवर, त्यामुळे कधी कधी सकाळच्या सरावाला यायची तेव्हा हाताला किनाऱ्याची बारीक वाळू चिकटलेली. मी ओरडायचो, पिस्टनमध्ये, म्हणजे बोटाने दाबायच्या खुंट्यांत, वाळू गेली तर जिथे ही वाद्यं बनतात त्या मेरठहून कोण माणूस येणार दुरुस्तीला? ती फ्रॉकला हात पुसायची आणि बसायची. शकॉनची सुरुवात तिची. बेसवाला पोरगा तिच्या मागे लपून वाजवायचा, म्हणजे खरी ती एकटीच.

पहिले तीन सूर सा, रे आणि ध. मी सगळ्यांच्या कागदावर पेन्सिलने सरगम लिहून देतो, कारण प्रत्येक वाद्याचा सा वेगळ्या घरात. कॉर्नेटवाल्याच्या कागदावर तो एफ, सॅक्सोफोनवाल्याच्या सी. युफोनियमवर सा ला पहिला पिस्टन दाबायचा, रे ला सगळे मोकळे, आणि ध ला पुन्हा तोच पहिला पिस्टन. बोटांना तसं काही कामच नाही. सा आणि ध यांच्यात फरक करतात ते ओठ आणि पोटातली हवा. ध वर जाताना जरा जास्त जोर लागला तर सूर फाटतो, कमी पडला तर खालीच घसरतो. ती उडी बसायला तिला जुलै ते ऑक्टोबर लागले. पावसात खोलीच्या भिंतींना ओल, क्लॅरिनेटचे पॅड फुगलेले, ढोलाचं कातडं सैल, आणि कोपऱ्यात ही सा, रे, ध. एक दिवस मी विचारलं, "जमेल ना गो?" तिने वर न बघता सांगितलं, "माका जमतला."

गॅदरिंगच्या दिवशी सकाळी सातला शेवटचा सराव. थंडी पडली होती, म्हणजे आपल्याकडे पडते तेवढी, स्वेटर घालावा की न घालावा अशी. तिने सुरुवात केली आणि रे फाटला. पुन्हा. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा रे च्या जागी भलताच सूर आला. मागे पोरं हसली. संध्याकाळी शिक्षणखात्याचे पाहुणे येणार होते. मी घड्याळ बघितलं, आणि कुडाळच्या एका बँडवाल्या मित्राला फोन लावला. लग्नाचा सीझन तेजीत, पण तो संध्याकाळपुरता मोकळा होता. युफोनियम घेऊन ये म्हटलं.

तिला मी सांगितलं, "सुरुवात काका करतील. तू दुसऱ्या फेरीपासून ये." ती "होय" म्हणाली. बस, एवढंच.

संध्याकाळी मित्राने ती धून अशी वाजवली की मंडपातली कुजबुज थांबली. खरंच सुरेख. मी हात वर धरून उभा होतो आणि माझी नजर तिच्यावर गेली. तिच्या मांडीवर तिचं वाद्य होतं, तोंडाला लावलेलं नव्हतं. बोट मात्र चालू होतं. खाली, वर, खाली. चोवीसच्या चोवीस मात्रा. मित्राबरोबर नव्हे, त्याच्या किंचित आधी. मग दुसऱ्या फेरीला तिने वाद्य उचललं आणि बरोबर आली. शेवटपर्यंत एक सूर चुकली नाही. पाहुण्यांनी भाषणात बँडचं कौतुक केलं. आईवडील उशिरा आले होते, त्यांना वाटलं सगळं झालं छान.

दुसऱ्या दिवशी तिने वाद्य आणून दिलं. पुसलेलं, पेटीत नीट ठेवलेलं. "येतंय, सर." मला वाटलं घरी जाते आहे. ती बँडमध्ये परत आली नाही.

जानेवारीत मी ते युफोनियम साफ करायला काढलं. पहिल्या पिस्टनला पांढरट थर. खोबरेल. पिस्टनचं तेल संपलं होतं, मी आणतो आणतो म्हणत आणलं नव्हतं, आणि पोरांनी घरचं तेल घातलं होतं. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास थिजतं, कोकणातल्या कोणालाही डिसेंबरातल्या बाटलीवरून हे माहीत असतं. सकाळी सातला पहिला पिस्टन खाली गेला की लवकर वर येत नव्हता. म्हणून सा येत होता, आणि रे, जो मोकळा वाजायचा, तोच फाटत होता. संध्याकाळी मंडपातल्या दिव्यांखाली तिचं वाद्य व्यवस्थित चाललं, ते मी ऐकलंही होतं, पण लक्षात घेतलं नव्हतं.

आता मी म्हणू शकतो की दोष तेलाचा. पण तिचा सूर याआधी उन्हातल्या सरावातही फाटला होता. तेल नसतं थिजलं तरी मी त्या सकाळी फोन केला असता, अशी मला भीती आहे. आणि तेल कळलं असतं तर केला नसता का? पाहुणे येणारच होते.

मुख्याध्यापकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, सोपं घ्या." मला ते पटलं नाही. सोपं घेतलं असतं तर तिला सुरुवात मिळालीच नसती, ती पाचवा सूर वाजवत बसली असती. पण मग सुरुवात देऊन काढून घेणं हे न देण्यापेक्षा बरं की वाईट? मी वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंनी भांडून बघितलं. जिंकलो नाही.

मागच्या वर्षी ती कुडाळ स्टेशनला भेटली. गोव्यात नोकरी करते. रेल्वे उशिरा होती, तिने चहा घेऊन दिला. बँडचं तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. गाडी आली तेव्हा मी म्हटलं, "ते तेल थिजलं होतं गो." तिला कळलं की नाही, कोण जाणे. "काय सर?" म्हणाली, आणि डब्यात चढली.

यंदा शकॉनची सुरुवात सातवीतल्या एका पोराची आहे. रे अजून बसलेला नाही. गॅदरिंगला एकवीस दिवस राहिलेत. पिस्टनचं तेल मी स्वतः आणून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आहे, खोबरेलाची बाटली दिसली की जप्त. परवा कुडाळच्या त्या मित्राचा फोन आला, यंदा यायचं का, आधी सांग, लग्नाच्या तारखा धरतो आहे.

मी म्हटलं, कळवतो.