क्युरेटिंग झालं, मग आता रक्त कशाला?

हा प्रश्न पेशंटपेक्षा तिची सासूच जास्त विचारते. मिरजेत मी लॅब टेक्निशियन आहे. आमच्याकडे जत-कवठ्यापासून थेट कर्नाटकातून माणसं येतात. द्राक्षगर्भ निघालेला, पिशवी साफ केलेली, तरी डॉक्टरांनी दर आठवड्याला बीटा एचसीजी (वारेत बनणाऱ्या हार्मोनची रक्त तपासणी) लिहून दिलेलं. "पोर नव्हतंच की आत, मग पोटुशीपणाची टेस्ट कशापायी?" एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, वर टेस्टचे पैसे. मावशींचं चुकतं असं मला वाटत नाही. त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

पूर्ण द्राक्षगर्भात बाळ नसतं, वाढते ती नुसती वार. बहुतेक वेळा आईची गुणसूत्रं हरवलेल्या बीजांडात एक शुक्राणू शिरतो आणि स्वतःचीच गुणसूत्रं दुप्पट करतो. ४६ च्या ४६ बापाची! काजी आणि ओहामा या जपानी संशोधकांनी हे १९७७ मध्ये दाखवलं. "सुनेतच खोट" म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवते. (म्हणून लेकाला धारेवर धरा असंही नाही, दोष कुणाचाच नसतो.)

ही वार एचसीजी बनवते. क्युरेटिंगनंतर काही पेशी मागे राहून पुन्हा वाढू शकतात, फुप्फुसातही जातात. पूर्ण द्राक्षगर्भात शंभरातल्या १५ ते २० जणींना हा त्रास होतो, अर्धवट प्रकारात (ज्यात बाळाचा थोडा भागही असू शकतो) बराच कमी. बाईला काही जाणवायच्या आत रक्तातला आकडा उतरायचा थांबतो किंवा चढतो. तेवढ्यासाठी ती सुई.

आकडाही डोळे झाकून घ्यायचा नसतो. सोनोग्राफीत पिशवी गच्च भरलेली आणि बीटा मात्र किरकोळ, असं दिसलं की मी सॅम्पल पातळ करून परत लावते. हार्मोन इतकं असतं की किटमधल्या अँटिबॉडीज पुरत नाहीत आणि मशीन खोटाच कमी आकडा देतं. पातळ केल्यावर तोच लाखांत जातो. म्हणून शक्यतो एकाच लॅबमध्ये या आणि जुने रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा.

या आकड्यापायी एका डॉक्टरची नोकरी गेली. १९५६ च्या सुमारास अमेरिकेत बेथेस्डाला मिन च्यू ली आणि रॉय हर्ट्झ वारेच्या कॅन्सरला मेथोट्रेक्सेट देत होते. हे औषध आलं होतं आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या लेडर्ले प्रयोगशाळेतून. गाठी दिसेनाशा झाल्या तरी हार्मोन थोडं उरायचं, आणि ते पार जाईपर्यंत ली डोस थांबवेनात. वरिष्ठांना तो विनाकारण विषप्रयोग वाटला. लींना जावं लागलं. पुढे कळलं, डोस आधी थांबवलेल्यांचा आजार उलटला होता. १९७२ मध्ये लींना लास्कर पुरस्कार मिळाला.

आज आकडा न उतरलेल्या, कमी धोक्याच्या पेशंटला एक दिवस मेथोट्रेक्सेट, दुसऱ्या दिवशी त्याचा त्रास कमी करणारं फॉलिनिक अ‍ॅसिड, अशी आठ दिवसांची फेरी देतात. जवळजवळ सगळ्या बऱ्या होतात, तेही पिशवी न काढता. पुढच्या खेपेला पुन्हा द्राक्षगर्भ व्हायची शक्यता शंभरात एखादीच.

टेस्ट जन्मभर करायची नसते. लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलने वीस हजारांवर बायकांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये सांगितलं: बीटा एकदा नॉर्मल झाल्यावर आजार उलटण्याचा धोका पूर्ण प्रकारात ४०६ जणींत एकीला, अर्धवट प्रकारात ३१९५ जणींत एकीला. म्हणून आता नॉर्मल आल्यावर अर्धवटला महिन्याने एकच टेस्ट, पूर्णला तीन महिने दरमहा, एवढंही पुरेसं मानतात. काही डॉक्टर अजून सहा महिने सांगतात. आपल्या डॉक्टरांचं ऐका.

तोवर दिवस राहू देऊ नका, गर्भनिरोधक गोळ्या चालतात. दिवस राहिले तर बीटा चढणारच, आणि तो बाळाचा की उरलेल्या वारेचा, हे माझं मशीन सांगू शकत नाही.