कानामागे हात

सोलापूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन जोडून देणाऱ्या केंद्रात, मी १९७६ साली लागले. कानाला हेडसेट, समोर बोर्ड, हातात कॉर्ड. बार्शी, पंढरपूर, विजापूर, मुंबई. लाइन मिळाली की दोन्हीकडे ‘बोला’ म्हणायचं आणि तिकिटावर वेळ टाकायची. पावसाळ्यात लाइन इतकी खराब असायची की दोन टोकांना एकमेकांचं काही ऐकू जायचं नाही, मधे बसलेल्या आम्हाला मात्र दोघांचंही थोडंथोडं कळायचं. मग आम्हीच निरोप पोचवायचो. “ते म्हणतायत, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.” पलीकडून रडू ऐकू यायचं. तेही सांगायचो, “आजींना आनंद झालाय.”

ज्यांचा आवाज समोरासमोर खर्जातला आणि भारदस्त, त्या माणसांचा आवाज लाइनवर डब्यातून आल्यासारखा का वाटतो, हे आमच्या एका इंजिनिअर साहेबांनी मला समजावलं होतं. साधी टेलिफोन वाहिनी सेकंदाला ३०० कंपनांच्या खालचं जवळजवळ काहीच पुढे जाऊ देत नाही आणि ३,४०० च्या वरचंही नाही. पुरुषाच्या जाड आवाजाचा मूळ स्वर असतो १०० च्या आसपास. म्हणजे तो तारेत शिरतच नाही. शिरतात ते त्याच्यावर उमटणारे उपस्वर. त्यांच्यावरून ऐकणाऱ्याचं डोकं खालचा हरवलेला स्वर आपोआप भरून काढतं. मला हे त्या वेळी चमत्कारासारखं वाटलं होतं, आजही वाटतं.

हे सगळं सांगायचं कारण पॉल रोबसन, अमेरिकेतला काळा गायक आणि नट.

आठेक वर्षांपूर्वी भाचीने मला एक ध्वनिमुद्रण पाठवलं. “मावशी, तुझ्या खात्यातलं आहे,” एवढंच लिहिलं होतं. ५ ऑक्टोबर १९५७. वेल्समधलं पोर्थकॉल नावाचं समुद्रकाठचं गाव, तिथे कोळसा खाणकामगारांचा गाण्याचा मेळा भरलेला. गाणारा माणूस न्यूयॉर्कमधल्या एका स्टुडिओत बसलेला. मधे अटलांटिक महासागर आणि तळाशी टाकलेली टेलिफोनची केबल. ही अटलांटिकपारची पहिली टेलिफोन केबल सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. एका वेळी ३६ संभाषणं नेण्याची तिची ताकद. त्यातल्या एका जोडणीवर एक माणूस अख्ख्या सभागृहासाठी गायला. कारण त्याच्या सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला होता.

खाणकामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष विल पेंटर त्याचं स्वागत करतात, मग तो बोलतो, आणि मग गातो. पहिल्यांदा ऐकताना मी हेडसेट असल्यासारखी ताठ बसले होते. लाइन तुटेल की काय, ही धास्ती. ६० वर्षांपूर्वीची लाइन, पण अंगात मुरलेली सवय जात नाही.

रोबसनचा जन्म १८९८ चा, न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनचा. वडील गुलामगिरीत जन्मलेले. पंधराव्या वर्षी तिथून पळाले, पुढे शिकून धर्मोपदेशक झाले. पॉल सहा वर्षांचा असताना आई घरातल्या आगीत भाजून गेली. पुढे तो अमेरिकन फुटबॉल गाजवतो, वकील होतो, वकिली सोडून रंगभूमीवर येतो. १९४३ मध्ये ब्रॉडवेवर त्याचा ऑथेल्लो उभा राहिला आणि त्याचे २९६ प्रयोग झाले. शेक्सपिअरचं कुठलंच नाटक तोवर ब्रॉडवेवर इतकं चाललं नव्हतं. दौऱ्यावर जिथे काळ्या-गोऱ्या प्रेक्षकांना वेगवेगळं बसवत, त्या थिएटरात त्याने प्रयोग करायला नकार दिला.

पण मला विचाराल तर त्याचं सगळ्यात मोठं काम एका गाण्यात आहे. ‘शो बोट’ या संगीतिकेतलं ‘ओल मॅन रिव्हर’. १९२८ साली लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात त्याने ते गायलं आणि ते त्याचंच झालं. मिसिसिपी नदीकाठचा काळा हमाल त्यात म्हणतो की मी थकलोय, जगायचा कंटाळा आलाय आणि मरायची भीती वाटतेय. पुढे रोबसनने आपल्या मैफलींत हे शब्दच बदलले. रडण्याऐवजी हसत राहीन आणि मरेपर्यंत लढत राहीन, असं तो गाऊ लागला. चाल तीच, नदी तीच, हमाल तोच. फक्त त्याची पाठ सरळ झाली. जुनं आणि नंतरचं, दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकावीत. मी ऐकली तेव्हा गिरणीतून परत येणारे वडील आठवले.

वेल्सच्या खाणकामगारांशी त्याचं नातं ‘शो बोट’च्याच दिवसांत जुळलं. लंडनच्या रस्त्यावरून बेकार खाणकामगार गात चालले होते, उपाशीपोटी, पण चार सुरांत. हा थांबला आणि त्यांच्यात सामील झाला. त्यांच्या परतीच्या प्रवासाची सोयही त्यानेच केली. पुढे स्पेनच्या यादवीत लढताना वेल्सचे ३३ जण मारले गेले, त्यांच्या १९३८ च्या स्मरणसभेतही तो जाऊन गायला.

१९५० मध्ये पासपोर्ट गेला. कम्युनिस्ट नसल्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही कर, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने सही केली नाही. कार्यक्रम बंद झाले, उत्पन्न आटलं. १९५२ च्या सुरुवातीला कॅनडातल्या खाणकामगारांच्या अधिवेशनाला जाताना त्याला सीमेवर अडवलं. तिथेही तो टेलिफोनवरून गायला! त्याच वर्षी मे महिन्यात बरोबर सीमारेषेवर एक ट्रक उभा केला, त्यावर चढून तो गायला आणि दोन्ही देशांतली हजारो माणसं आपापल्या बाजूला उभी राहून ऐकत होती. अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीने १९५६ मध्ये त्याला विचारलं, रशिया इतका आवडतो तर तिथेच का राहिला नाहीस? तो म्हणाला, माझे वडील गुलाम होते, माझ्या लोकांनी जीव देऊन हा देश उभा केलाय, मी इथेच राहणार आणि तुमच्याइतकाच माझाही वाटा घेणार.

१९५८ च्या एप्रिलमध्ये त्याची साठी आपल्या देशातही साजरी झाली. नेहरूंचा पाठिंबा होता आणि त्यासाठीच्या समितीचे प्रमुख होते मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला. ज्याला त्याच्याच देशात व्यासपीठ मिळत नव्हतं, त्याच्यासाठी आपल्या न्यायमूर्तींनी पुढे व्हावं, हे वाचून मला अभिमान वाटला. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, पासपोर्ट परत मिळाला आणि ऑगस्टमध्ये तो वेल्सच्या मेळ्यात स्वतः उभा होता. तारेशिवाय.

त्याची एक चित्रफीत मी पुन्हापुन्हा बघते. १९६० चा नोव्हेंबर, सिडनीचं ऑपेरा हाउस अजून बांधलं जातंय. कामगार परांचीवर चढून बसलेत, आणि अंगात कोट घातलेला रोबसन मोकळ्यावर उभा राहून गातोय. गाताना एक हात कानामागे धरलेला. उघड्यावर आपला सूर आपल्याला ऐकू यावा म्हणून. तो हात बघितला आणि मला बार्शीचे शाहीर अमर शेख आठवले. गिरणगावातल्या सभांमधला त्यांचा पहाडी आवाज वडील कायम सांगायचे. पोवाड्याला उभे राहणारे आपले झीलकरी अगदी असाच कानावर हात ठेवून सूर लावतात. वडील असते तर त्यांना ही फीत दाखवली असती. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्या हाताचं काही भाषांतर करावं लागलं नसतं.

पोर्थकॉलच्या मुद्रणातला मला सगळ्यात प्रिय भाग शेवटचा आहे. रोबसनचं गाणं संपतं आणि मग सभागृह त्याच्यासाठी गातं. तुझं इथे स्वागत राखून ठेवू, अशा अर्थाचं त्यांचं घरचं गाणं. मी हे ऐकते ते ऑपरेटरच्या कानाने. तोवर आवाज न्यूयॉर्कहून इकडे येत होता, आता तीच लाइन इकडचा आवाज तिकडे नेतेय. एवढी सगळी माणसं एका जोडणीत मावतायत, आणि पलीकडे एकटा माणूस ऐकतोय.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही एक्स्चेंजमधल्या जुन्या नऊ जणी सिद्धेश्वर तलावाजवळ एका मैत्रिणीकडे जमलो. चहा झाल्यावर मी मोबाइलवर तो शेवटचा भाग लावला, कोण, कुठे, काय, काही न सांगता. आवाज बारीक होता, बाहेर रिक्षांचा गोंगाट. आमच्या बोर्डावरची सगळ्यात सीनियर, आता ऐंशीच्या पुढची, तिला कमी ऐकू येतं. ती पुढे झुकली. हेडसेट असायचा त्या कानावर तिने हात धरला, डोळे मिटले, आणि दुसऱ्या हाताने आम्हाला गप्प राहायची खूण केली.