लॅमिनेशनवाली: सप्टेंबरच्या पॅटर्नमधून गायब झालेलं नाव

मंडळी, लॅमिनेशनवालीचा, म्हणजे स्टीलची लॅमिनेशन (पातळ पत्रे) बनवणाऱ्या आपल्या छोट्या कंपनीचा, सप्टेंबर तिमाहीचा शेअरहोल्डिंग पॅटर्न (कोणाकडे किती शेअर याचा तक्ता) आला आणि जुलैमध्ये मांडलेला फ्लोटचा, म्हणजे खरोखर बाजारात येऊ शकणाऱ्या शेअरचा, सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला. पब्लिकमधल्या १ टक्क्याहून मोठ्या धारकांच्या यादीतलं एक नाव, जूनपर्यंत ८४,००० शेअर असलेलं, यादीत नाही. बल्क डील (एकाच दिवसातल्या मोठ्या सौद्याची नोंद) नाही, कंपनीकडून काही सूचना नाही, भाव जागच्या जागी. एवढा माल गेला कुठे, हाच यावेळचा विषय. ताळेबंदाचं शेवटी थोडक्यात.

नवीन आलेल्यांसाठी: कंपनीचं नाव इथे लिहायचं नाही, हा नियम कायम आहे. दिवसाला लाखभर रुपयांची उलाढाल असलेल्या काउंटरचं, म्हणजे शेअरचं, नाव चार ठिकाणी फिरलं तर भाव आपणच हलवू. ओळख पटू नये म्हणून आकडे गोल केलेत, प्रमाण तेच ठेवलंय. आणि खरेदीचा निर्णय ज्याचा त्याचा. अभ्यास एकत्र, ऑर्डर एकत्र नाही. ठरवून मिळून शेअर गोळा केले तर टेकओव्हर नियमांखाली सगळ्यांची धारणा एकत्र धरली जाऊ शकते, आणि ५ टक्क्यांचा उंबरठा लहान कंपनीत फार लांब नसतो.

आता मूळ हिशेब. भरणा भांडवल ५ कोटी, दर्शनी मूल्य १०, म्हणजे ५० लाख शेअर. प्रमोटरकडे (कंपनीच्या मूळ मालकांकडे) ३६,२०,०००, पब्लिककडे १३,८०,०००. स्क्रीनरवर ‘पब्लिक २७.६ टक्के’ एवढंच दिसतं आणि बरेच जण तिथेच थांबतात. स्क्रीनर दहा वर्षांचे आकडे एका पानावर आणायला उत्तम आहे, पण फ्लोट काढायचा तर बीएसईवरचं मूळ फाइलिंगच उघडावं लागतं. त्यात पब्लिकचा तक्ता घ्या आणि प्रत्येक ओळीत दोन रकाने शेजारी ठेवून वाचा: एकूण शेअर आणि त्यातले डिमॅटमधले. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे अजून कागदी प्रमाणपत्रांत अडकलेला माल.

या कंपनीत तो फरक १,८५,००० आहे, आणि कारण अगदी बडोद्याचं आहे. कंपनी पूर्वी आपल्या बडोदा शेअर बाजारावरही सूचीबद्ध होती. इश्यूत पैसे घातलेली मंडळी दांडिया बाजार, रावपुरा भागातली. बाजार २०१५ मध्ये बंद झाला, प्रमाणपत्रं कपाटात राहिली. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर हस्तांतरित करता येत नाहीत (वारसाहक्काची नोंद वेगळी), म्हणजे डिमॅट होईपर्यंत हा माल बाजारात येऊच शकत नाही. आयईपीएफकडे (बेवारस लाभांश आणि शेअर सांभाळणाऱ्या सरकारी निधीकडे) आणखी १,०५,०००: सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही की शेअर तिकडे जातात, आणि मालकाने दावा करून सोडवेपर्यंत तिथेच राहतात. १,४०,००० एका खासगी कंपनीच्या नावावर आहेत. एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) मास्टर डेटात तिचा नोंदणीकृत पत्ता प्रमोटरच्या जुन्या फर्मचाच निघाला. कायद्याने ते पब्लिक, पण आपल्या हिशेबात बंद कपाट. २०२२ च्या नव्या नमुन्यात प्रमोटरच्या दूरच्या नातेवाइकांसाठी आणि संचालकांसाठी वेगळ्या ओळी आल्या आहेत, त्याही बघत जा. इथे त्या शून्य आहेत.

उरले २ लाखांहून जास्त दर्शनी मूल्याचे व्यक्तिगत धारक, म्हणजे २०,००० शेअरच्या वरचे: ३,९०,०००. एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब), एनआरआय वगैरे ६०,०००. आणि छोटे धारक ६,८५,०००, त्यातून कागदी वजा केले की ५ लाख. मोठ्यांपैकी ज्यांची नावं दिसतात त्यांचे आकडे जूनपर्यंतच्या आठ तिमाह्यांत हललेले नव्हते, म्हणून ते ‘बसलेले’ धरून वगळले आणि जिवंत फ्लोट धरला तो ५,६०,०००. भांडवलाच्या ११ टक्के. २७.६ नव्हे.

आता ते ८४,०००. पहिली शंका साहजिक: विकले. पण कुठे? बीएसईच्या ऐतिहासिक डेटातून तिमाहीचं एकूण व्हॉल्यूम काढलं तर ते ६१,००० भरलं. तिमाहीत जेवढा माल फिरला त्याहून जास्त माल एकट्याने बाजारात विकणं शक्यच नाही. शिवाय एकाने एका दिवसात अर्ध्या टक्क्याहून जास्त, म्हणजे इथे २५,००० च्या वर उलाढाल केली असती तर त्याच दिवशी बल्क डीलच्या यादीत नाव आलं असतं. सर्वांत मोठा दिवस १४,००० चा होता. दुसरी शक्यता, प्रमोटरने ऑफ-मार्केट घेतले. तीही नाही, प्रमोटरचा आकडा एका शेअरनेही बदललेला नाही.

उत्तर त्याच तक्त्यात होतं, पण शेअरच्या रकान्यात नाही, धारकांच्या संख्येच्या रकान्यात. ‘२ लाखांहून जास्त’ या ओळीत शेअर जूनला ३,९०,००० आणि सप्टेंबरलाही ३,९०,०००. धारक मात्र ७ चे ९ झालेत. एक गेला, तीन आले. ८४,००० भागिले ३ म्हणजे २८,०००. प्रत्येकी २.८ लाख दर्शनी मूल्य, म्हणून ओळ तीच राहिली. प्रत्येकी ०.५६ टक्के, म्हणून १ टक्क्याच्या यादीत एकही नाव नाही. गणित चोख बसलं! विक्री नव्हे, वाटणी. ऑफ-मार्केट हस्तांतर एक्स्चेंजच्या व्हॉल्यूममध्ये येत नाही, म्हणून भावाला त्याचा पत्ताच लागला नाही.

एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून दुसरीकडून तपासलं, आणि ही युक्ती प्रत्येकाने आपापल्या स्क्रिपवर करून बघावी अशी आहे. वार्षिक सभेनंतर कंपनीला मतदानाचा निकाल एक्स्चेंजला द्यावा लागतो. त्यात प्रमोटर, संस्था आणि बिगरसंस्थात्मक पब्लिक अशा तीन गटांचे धारण केलेले शेअर आणि पडलेली मतं वेगवेगळी असतात. गेल्या वर्षी बिगरसंस्थात्मक पब्लिकची ३,१६,४०० मतं पडली होती. या सप्टेंबरमध्ये २,३१,९००. घट ८४,५००, म्हणजे जवळपास तेवढीच. दरवर्षी मत देणारा एक मोठा हात यंदा उठला नाही. मतदानाच्या कट-ऑफ तारखेला शेअर वारसांच्या नावावर चढले नसावेत किंवा वारसांना मतदानात रस नसावा. आयईपीएफच्या शेअरचा मताधिकार गोठलेला असतो, त्यामुळे तिकडून आकडा हलत नाही. ट्रान्समिशन (वारसाहक्काची नोंद) की बक्षीसपत्र, हे सार्वजनिक कागदांवरून ठरत नाही. आपल्याला त्याची गरजही नाही, कारण प्रश्न पुढचा आहे: हे तिघे काय करतील?

कराच्या बाजूने त्यांना घाई नाही. वारसाहक्काने किंवा बक्षीस म्हणून आलेल्या शेअरला मूळ मालकाची खरेदी किंमत लागू होते, धारण कालावधीही त्याचाच धरतात, आणि जुन्या खरेदीला ३१ जानेवारी २०१८ च्या भावाचं संरक्षण आहे, म्हणजे त्या दिवसापर्यंतची वाढ करात येत नाही. विकले तर दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के, वर्षाला सव्वा लाखाची सूट. प्रत्येकाच्या सुमारे ६७ लाखांच्या धारणेवर ती सूट किरकोळच. पण मूळ मालक वर्षानुवर्षं बसलेला होता आणि नव्या मालकांनी ही कंपनी स्वतः निवडलेली नाही. म्हणून त्या ८४,००० ना ‘बसलेले’ या खान्यात ठेवणं आता चूक ठरेल. जिवंत फ्लोटच्या १५ टक्क्यांएवढे ते आहेत.

बाजाराला हे किती जड जाईल तेही बघा. सरासरी व्हॉल्यूम रोज १,००० दिसतं, पण त्या १४,००० वाल्या एका दिवसाने सरासरी फुगवली आहे. मध्यक (सगळे दिवस चढत्या क्रमाने लावले तर मधल्या दिवसाचा आकडा) ४२० आहे आणि नऊ दिवस एकही सौदा झाला नाही. असल्या काउंटरमध्ये सरासरी बघूच नये, मध्यकच बघावा. ८४,००० भागिले ४२० म्हणजे २०० कामकाजाचे दिवस, तेही रोजचा सगळा खरेदीदार त्यांनीच खाल्ला तर. म्हणजे त्यांच्यापैकी एकाने जरी विकायला काढलं तरी कित्येक महिने वर झाकण बसलेलं राहील. ५ टक्क्यांचं सर्किट (एका दिवसात भाव हलण्याची मर्यादा) आहे, त्यामुळे घाईत विकलं तर सलग लोअर सर्किट आणि खाली खरेदीदारच नाही, असंही होऊ शकतं.

म्हणून आपला जुना बेत, मध्यकाच्या १५ टक्के म्हणजे रोज ६०-६५ शेअर उचलत ४० दिवसांत २,५०० जमवायचे, तो थांबवावा असं माझं मत आहे. डेप्थ (लागलेल्या ऑर्डरींची यादी) बघा: खरेदीला वरचा भाव २३८.२०, विक्रीला खालचा २४४.९५ आणि तिथे फक्त ४० शेअर. फरक २.८ टक्के. एकदम ५०० घ्यायचे तर २५१ पर्यंत चढावं लागतं. समोर ८४,००० चा संभाव्य विक्रेता असताना वरच्या भावाच्या मागे धावायचं कारण उरत नाही. बिडवर (खरेदीच्या भावावर) लिमिट लावून बसायचं, आणि बल्क डीलची यादी रोज संध्याकाळी तपासायची.

जीटीटीबद्दल (भाव ठरावीक पातळीला आला की आपोआप सुटणारी ऑर्डर) पुन्हा एकदा आग्रहाने: असल्या काउंटरमध्ये नको. ट्रिगर शेवटच्या सौद्याच्या भावावर लागतो आणि इथे एका शेअरच्या सौद्याने भाव ४ टक्के हललेला दिसतो. एकूण शेअर भागिले सौद्यांची संख्या करून रोजचा सरासरी सौदा काढत चला. तो ५-७ शेअरवर आला की त्या दिवसाच्या भावाला किंमत देऊ नका, भारित सरासरी भावाचा रकाना वाचा. विकताना तुकडे फार लहान करू नका, कारण डीपी चार्ज (डिमॅट खात्यातून शेअर काढण्याचं शुल्क) दर स्क्रिपला दर दिवशी लागतो. ६० शेअर म्हणजे १४,४०० रुपये, त्यावर १५-२० रुपये म्हणजे ०.१ टक्क्याहून थोडं जास्तच, जणू एसटीटी (शेअर सौद्यावरचा कर) दोनदा भरला.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. कागदी १,८५,००० पैकी कोण जागं होतंय, हे आधी कळू शकतं. प्रमाणपत्र हरवल्याची आणि डुप्लिकेट दिल्याची माहिती कंपनीला एक्स्चेंजला कळवावी लागते, आणि या सूचना कोणी वाचत नाही. जानेवारी २०२२ पासून डुप्लिकेट डिमॅटमध्येच मिळतं. म्हणजे अशी प्रत्येक सूचना म्हणजे लवकरच विकता येण्याजोगा झालेला एक लॉट. आठ तिमाह्यांत कागदी आकडा २,२०,००० वरून १,८५,००० वर आलाय, तिमाहीला साधारण ४,४००. तिमाहीच्या ६१,००० व्हॉल्यूमसमोर हा नवा माल थोडा नाही. त्यात जुलै २०२५ ते ६ जानेवारी २०२६ अशी सेबीने जुनी, २०१९ पूर्वी दाखल होऊन परत आलेली हस्तांतरं पुन्हा दाखल करायला खिडकी दिली होती. मार्चच्या पॅटर्नमध्ये डिमॅटचा रकाना जास्त हलला तर त्याचं कारण तिथे शोधायचं. मी या सूचनांची एक्सेल सुरू करतोय: तारीख, शेअर, आणि पुढच्या पॅटर्नमधला फरक.

धंद्याबद्दल थोडक्यात, पण आनंदाची गोष्ट आहे. विक्री ६ टक्क्यांनी घटली आणि मार्जिन वाढलं, यावर गेल्या वेळी वाद झाला होता. सीआरजीओ स्टील (ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचं खास स्टील) ग्राहकाने दिलं की कंपनी फक्त जॉबवर्कचे पैसे लावते. विक्रीचा आकडा लहान होतो, टक्केवारी मोठी दिसते, कारखाना मात्र तेवढाच चालतो. टनेज वार्षिक अहवालात देत नाहीत, म्हणून वीज-इंधनाचा खर्च धरला. अॅनिलिंगची, म्हणजे स्टील तापवून सावकाश थंड करण्याची, भट्टी वीज खाते, त्यामुळे हा खर्च कामासोबत चालतो. तो १९ टक्क्यांनी वाढलाय. दरवाढ वजा करूनही मशीन जास्त चालली, असं म्हणायला जागा आहे. मकरपुऱ्यात (बडोद्याच्या औद्योगिक भागात) जॉबवर्क करणारे कोणी ओळखीचे असतील त्यांना किलोमागचा दर विचारा, मग हा अंदाज पक्का होईल.

येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) मात्र खटकतात. वयानुसारच्या तक्त्यात, जो २०२१-२२ पासून सक्तीचा आहे, एक ते दोन वर्षांच्या खान्यात रक्कम दुप्पट झाली आहे आणि तरतूद जैसे थे. भरणा भांडवल १० कोटींच्या आत असलं तरी नेटवर्थ २५ कोटींच्या वर आहे, त्यामुळे गव्हर्नन्सच्या तरतुदींतून सूट नाही. संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांचा सहामाही तक्ता निकालासोबत येईल. ती जुनी येणी त्या खासगी कंपनीकडून तर नाहीत ना, हे त्यात बघायचं. १४ नोव्हेंबरच्या आत निकाल येतील, सहामाही ताळेबंद आणि रोख प्रवाहासह. तोवर माझी बिड २३१ वर, ५० शेअरची, रोज सकाळी नव्याने.