हिरड्याचं वलय: सहावा आठवडा

मागच्या खेपेला निर्गुडी, करंज, कुड्याची साल आणि बाळहिरडा (कोवळा, वाळवलेला हिरडा) या चारही अर्कांभोवती ९-१० मिमीची वलयं मिळाल्याचं लिहिलं होतं. (प्लेटवर जिवाणू पसरून त्यावर अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवायची; तिच्याभोवती जिवाणू वाढत नाहीत ते मोकळं वर्तुळ म्हणजे वलय.) ते निकाल मागे घेतो. त्या प्लेटवर नुसत्या अल्कोहोलची चकती ठेवायची राहिली होती. या वेळी ठेवली, तर तिच्याभोवतीही ९ मिमी! अर्क ७० टक्के इथेनॉलमधले होते आणि चकत्या ओल्याच ठेवल्या होत्या. जिवाणू झाडाने मारले की अल्कोहोलने, हे त्या प्लेटवरून सांगताच येत नाही.

म्हणून शनिवारी कॉलेजच्या लॅबमध्ये मॅडमच्या देखरेखीखाली सगळं पहिल्यापासून केलं. घरी मी फक्त वाळवण, कुटणं आणि गाळणं करतो. जिवाणू घरात वाढवायचे नाहीत, वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय टाकायच्या नाहीत, हे पक्कं. १० ग्रॅम पूड, १०० मिली द्रावक, २४ तास मुरवण. ६ मिमीच्या चकतीवर २० मायक्रोलिटर अर्क, आणि मग चकत्या अर्धा तास खडखडीत सुकवल्या. जिवाणू बॅसिलस सब्टिलिस, तापमान ३७ अंश.

रविवारी प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. नुसत्या अल्कोहोलची चकती कोरी, तिच्या कडेपर्यंत दुधाळ थर चढलेला. करंजही कोरा. निर्गुडी जेमतेम ७. कुडा ९. आणि बाळहिरडा १५! त्याचा तपकिरी रंग आगरमध्ये (प्लेटमधल्या जेलीसारख्या थरात) उतरतो, त्यामुळे वलयाची कड चटकन दिसत नाही. प्लेट उलटी करून काळ्या कागदावर ठेवली, तेव्हा कुठे पट्टी लावता आली.

हा हिरडा जुन्नरच्या बाजारातला. तिकडच्या डोंगरपट्ट्यात आदिवासी कुटुंबं बाळहिरडा गोळा करून वाळवतात, त्यांचा तो हंगामी पैसा. घरच्या खलबत्त्यात ते काळे, सुरकुतलेले दाणे फोडताना नुसत्या धुळीनेच जीभ तुरट होते.

तो तुरटपणाच मला खटकत होता. तुरट चव ज्याने येते ते टॅनिन प्रथिनांना चिकटतं. वलय त्याचंच असेल का? शिवाय अर्क आंबट, पीएच पेपरवर साडेतीन. आधी तेवढ्याच पीएचचं सायट्रिक आम्ल चकतीवर ठेवलं: वलय नाही. मग टॅनिन काढून टाकायला अर्कात कोमट जिलेटिनचं (तेही प्रथिनच) पाणी थेंब थेंब सोडलं. पहिल्याच थेंबाला अर्क गढूळला, दहा मिनिटांत तळाशी मातकट साका बसला. वरची निवळी घेतली आणि जेवढं जिलेटिनचं पाणी गेलं तेवढंच साधं पाणी घालून मूळ अर्कही तुलनेला ठेवला. मूळ अर्क १४, निवळी ९.

म्हणजे बराचसा जोर टॅनिनचा, पण सगळा नाही. त्या उरलेल्या ९ मिमीमागे काय आहे, ते मला शोधायचं आहे. टॅनिन पूर्ण निघालं नसण्याचीही शक्यता आहे, म्हणून निवळीत फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून बघणार. निळा-काळा रंग आला तर जिलेटिन कमी पडलं असू शकतं; पण जिलेटिनला न चिकटणारं गॅलिक आम्लही हाच रंग देतं, त्यामुळे तेवढ्यावरून नक्की म्हणता येणार नाही.

आणखी एक: १५ विरुद्ध ९ यावरून हिरडा कुड्यापेक्षा इतक्या पट प्रभावी, असं मी म्हणणार नाही. आगरमधून कोण किती लांब पसरतो यावरही वलय ठरतं. त्यासाठी नळ्यांमध्ये अर्क निम्मा-निम्मा सौम्य करत जाऊन कितव्या नळीपर्यंत जिवाणूंची वाढ थांबते ते बघायला हवं, पण हिरड्याच्या रंगामुळे वाढीचा गढूळपणा डोळ्यांना कळत नाही. प्रत्येक नळीतला थेंब नव्या प्लेटवर रेघून वाढ बघेन.

पिकलेला सुरवारी हिरडाही आणून ठेवलाय. शनिवारी दोन्ही शेजारी-शेजारी.