सतरा आणि वर चिमूटभर

आमच्याकडे गुहागरला पाऊस किती पडला याचं उत्तर कधी आकड्यात नसतं. 'मरणाचा पडतोय', 'झोडपलंन नुसतं', 'पिरपिर आहे', एवढ्यावर भागतं. मी मात्र जूनपासून रोज सकाळी साडेआठला छत्री घेऊन पर्जन्यमापक बघायला जातो, कारण हौशी लोकांनी आपापल्या गावचा पाऊस मोजून कळवायचा असं ठरलं आणि बेसावधपणे मीही हात वर केला. साडेआठच, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस तेव्हा बदलतो.

पहिली अडचण जागेची. झाड जेवढं उंच त्याच्या दुप्पट लांब ठेवा म्हणे. कोकणात! माड पन्नास फुटी, म्हणजे शंभर फूट मोकळं हवं, तेवढ्यात शेजाऱ्याचं आगर सुरू होतं. शेवटी विहिरीपलीकडे भाजीच्या वाफ्याशेजारी खांब रोवला.

आतली बारीक नळी २५ मिलिमीटरला भरते, मग पाणी बाहेरच्या डब्यात उतू जातं, आणि जुलैत ते सारखंच जातं, मग चष्म्यावर पाणी, काखेत छत्री अशा अवस्थेत नळी भरा, वाचा, ओता, परत भरा, आणि कितव्यांदा भरली ते विसरलात की मेलात.

पण पत्रा किती खोटारडा असतो ते यामुळे कळलं. एका संध्याकाळी असा कोसळला की टीव्ही ऐकू येईना, सकाळी बघतो तर २२. आणि तरण्या पावसात एकदा रात्रभर एका लयीत पडत होता, आम्ही मस्त झोपलेलो, तो निघाला १४०! ११५.६ च्या वर गेला की अतिमुसळधार, आणि आम्हाला पत्ताच नाही. १ मिमी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे आमच्या शंभर चौरस मीटरच्या छपरावरून एका रात्रीत चौदा हजार लिटर वाहून गेलं, आणि मे महिन्यात आम्ही टँकरची वाट बघत होतो. त्याच रात्री इथे जवळच वेळणेश्वरला मावसभावाकडे फक्त ६१. आधी वाटलं ह्यानेच काहीतरी घोळ घातलाय, पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ आणि कुलाब्याला ७३ होताच की, एकाच मुंबईत.

ऑगस्टात एकदा दापोलीला जावं लागलं, आईला सांगून गेलो, साडेआठला बघ. आलो तर नळी कोरडी, पुसून ठेवलेली.

"पाणी साचलेलं त्यात. डास होतात, आशाताई सांगून गेल्ये ना!"

ओतलं कुठे, तर तुळशीत.

"मग आता शून्य लिही," आई म्हणाली. अगं, शून्य म्हणजे पडलाच नाही, आणि रकाना मोकळा सोडला तर माहीत नाही, शून्यसुद्धा बघूनच लिहायचं असतं. हे समजावता समजावता चहा निवला.

आता तीच रोज आधी जाऊन बघते आणि विहिरीवरून ओरडते, "सतरा, आणि वर चिमूटभर!"

मी १७.२ लिहितो.