ग्रीक पुतळे समजून घ्यायचे तर आधी भांडी बघा

ग्रीक कलेवर काहीही वाचायला घ्या, पुतळ्यांचं प्रकरण वेगळं आणि भांड्यांवरच्या चित्रांचं वेगळं, आणि भांड्यांचं प्रकरण बरेच जण सरळ ओलांडून जातात कारण संगमरवर आधी डोळ्यात भरतो. मला हे मनापासून खटकतं. उभ्या माणसाचं वजन एका पायावर आलं की कंबर कशी सरकते, वळलेली पाठ कशी दिसते, हे अथेन्सच्या कुंभारवाड्यात आधी सुटलं आणि मोकळ्या उभ्या पुतळ्यांत नंतर आलं असं माझं ठाम मत आहे.

अगदी मागे गेलो तर इ.स.पू. ७५० च्या आसपासचा अथेन्सच्या डिपायलॉन दफनभूमीतला घडा आहे, दीड मीटरहून उंच, थडग्यावर खूण म्हणून उभा केलेला. सगळ्या अंगावर भौमितिक नक्षी आणि मधल्या एका पट्ट्यात मृत बाईला झोपवलंय, दोन्ही बाजूंना लोक डोक्यावर हात ठेवून शोक करतायत. छाती म्हणजे त्रिकोण, चेहरा जवळपास नाहीच, तरी दुःख कळतं.

मग इ.स.पू. ६०० च्या सुमारास दगडात कूरोस येतो, म्हणजे उभा नग्न तरुण. ठेवण इजिप्तकडून घेतलेली, डावा पाय पुढे, मुठी मांड्यांना लागून. पण इजिप्तचे कारागीर पाठीमागे आणि पायांमध्ये दगड ठेवायचे, ग्रीकांनी तो काढून टाकला आणि माणूस मोकळा उभा केला, हे धाडस मोठंच. तरी बघा, पाय पुढे टाकलाय आणि कंबर मात्र सरळ रेषेत! इ.स.पू. ५३० च्या आसपासच्या अनाव्हिसोसच्या कूरोसचे स्नायू चांगले भरलेत, गाल गोल आहेत, पण वजन अजून दोन्ही पायांवर सारखंच.

आता भांडी. ब्लॅक फिगर म्हणजे लाल मातीवर काळ्या आकृत्या. त्या भांड्यांवरचा तो चकचकीत काळा म्हणजे वेगळा रंग नाहीच, तीच लोहयुक्त माती, फक्त पाण्यात निवळून एकदम बारीक केलेली. सगळी करामत भट्टीची. आधी हवा खेळू द्यायची, सगळं लाल होतं, मग ओलं लाकूड घालून झरोके बंद करायचे, नऊशे अंशांच्या आसपास सगळं काळं पडतं, आणि शेवटी परत हवा सोडायची, तेव्हा जाडसर माती पुन्हा लाल होते पण बारीक मातीचा थर तोपर्यंत काचेसारखा घट्ट झालेला असतो, त्यात हवा शिरत नाही, तो काळाच राहतो. एकाच भट्टीत, एकाच वेळी. हे ज्यांनी अंदाजाने आणि डोळ्यांनी साधलं त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे.

या पद्धतीतला सगळ्यात मोठा माणूस एक्सिकियस. त्याच्या व्हॅटिकनमधल्या घड्यावर अकिलीझ आणि एजॅक्स हे ट्रॉयच्या युद्धातले वीर फाशांचा खेळ खेळतायत आणि तोंडाशी आकडे लिहिलेत, एकाचे चार, दुसऱ्याचे तीन. अंगावरच्या वस्त्रांची नक्षी टोकदार हत्याराने इतकी बारीक कोरलीय की बघत राहावं. पण अडचण अशी की आकृती म्हणजे काळी सावली आणि आतल्या रेषा कोरलेल्या, एकसारख्या कडक, त्यामुळे शरीर वळवून दाखवायला फारसा वाव नाही.

इ.स.पू. ५२५ च्या सुमारास अथेन्समध्ये कुणीतरी हे उलटं केलं, पार्श्वभूमी काळी, आकृती मातीच्या लाल रंगाची. रेड फिगर. आता आतल्या रेषा ब्रशने काढता येतात, बाहेरची ठसठशीत, आतले स्नायू पातळ तपकिरी रेषेत. आणि मग धमाल सुरू झाली! युथिमिडीज या चित्रकाराच्या म्युनिकमधल्या घड्यावर (साधारण इ.स.पू. ५१०) तीन जण पिऊन नाचतायत, मधला आपल्याकडे पाठ करून वळलाय, पाठीचा पीळ अगदी स्पष्ट. बाजूला त्याने लिहूनही ठेवलंय, युफ्रोनियसला (त्याचा प्रतिस्पर्धी चित्रकार) असं कधीच जमलं नाही. अशी चुरस असल्यावर कला पुढे जाणारच ना.

त्याच काळात अथेन्समध्ये पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर कोरलेल्या खेळाडूंच्या पट्ट्यांतही असेच वळलेले देह दिसतात, म्हणजे चित्रकार आणि कोरणारे एकाच प्रश्नाला भिडले होते. पण पूर्ण उभा पुतळा मात्र वेळ घेतो. इ.स.पू. ४८० च्या आसपासचा क्रिटिऑस बॉय नावाचा संगमरवरी पुतळा, सव्वा मीटरहूनही कमी उंचीचा, त्याचं वजन डाव्या पायावर, उजवा गुडघा सैल, कंबर एका बाजूला किंचित वर, मान जराशी वळलेली. युथिमिडीजनंतर तीसेक वर्षांनी!

कांस्य पुतळे कसे व्हायचे तेही एका भांड्यानेच दाखवलंय. बर्लिनमधल्या एका रेड फिगर प्याल्यावर ओतकामाची अख्खी कार्यशाळा आहे, भट्टी, कारागीर, आणि अर्धवट जोडलेला खेळाडूचा पुतळा ज्याचं डोकं अजून खाली पडलंय. पुतळा तुकड्यातुकड्यांत ओतून मग जोडायचे हे इतकं थेट दुसरीकडे कुठे बघायला मिळेल असं मला वाटत नाही.

पुढे चित्र बदलतं. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचं काम (इ.स.पू. ४४७ ते ४३२) आणि शिल्पकार पॉलिक्लायटॉसचा भालेवाल्याचा पुतळा यांच्यानंतर पुतळे पुढे निघून जातात, भांड्याच्या गोल अंगावर तेवढी खोली दाखवणं अवघडच होतं, आणि नंतरची बरीच भांडी मला तरी नुसती गर्दीची वाटतात. एक मात्र नाही. दक्षिण इटलीत इ.स.पू. चौथ्या शतकात केलेलं एक भांडं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, त्यावर एक कारागीर हेराक्लीस या ग्रीक वीराच्या पुतळ्याला रंग लावतोय आणि खुद्द हेराक्लीस मागून येऊन बघतोय. ग्रीक पुतळे पांढरेशुभ्रच असायचे असं अजूनही कुणी म्हणालं की मी वाद न घालता याच भांड्याचा फोटो पाठवते.